फुईची जोखम

गेल्या सहा वर्षांत मी यशावरची जेवढी पुस्तकं वाचली, तेवढी आमच्या गावातल्या सगळ्यांनी मिळून वाचली नसतील. पैशाला कामाला कसं लावावं, पहाटे किती वाजता उठावं, 'नाही' कसं म्हणावं, कोणाला जवळ ठेवावं आणि कोणाला आयुष्यातून वजा करावं. वाचनालयातून आणलेली, जुन्या बाजारातून घेतलेली, मोबाइलवर डोळे फुटेस्तोवर वाचलेली. त्यातून जे शिकले ते मी एकदा छापलंही. चार पानांचं पत्रक, पाचशे प्रती. त्या पत्रकातल्या एका शब्दामुळे आमच्या घरातली एक बाई उठून निघून गेली. शब्द मीच लिहिला होता. त्याचा अर्थ मात्र तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून जवळ. केळी, कापूस, ऊस. आबा, म्हणजे माझे वडील, शहाद्याच्या एका छापखान्यात कामाला. मालक बिलबुकं आणि लग्नपत्रिका छापायचा आणि उरलेल्या कागदावर आबा त्यांची पत्रकं छापायचे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, सावकाराविरुद्ध, कमी मजुरी देणाऱ्या बागाईतदाराविरुद्ध. आमच्या घरात भाकरी पत्रकात गुंडाळली जायची, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची असायची आणि मला 'ष' हे अक्षर 'निषेध' या शब्दातून कळलं. घरात सगळे अहिराणी बोलायचो. आबा फक्त तत्त्वाचं बोलायचं असलं की पुस्तकी मराठी बोलायचे. ते 'आहे' म्हणू लागले की आम्ही समजायचो, आता भाषण आहे.

पत्रकात जागा कमी असते. त्यात माणूस एक तर लुटणारा असतो नाहीतर लुटला गेलेला, तिसरा प्रकार मावत नाही. मी तशीच वाढले, पटकन निकाल लावणारी. म्हणून पुढे यशाची पुस्तकं हाती आली तेव्हा मला ती परकी वाटली नाहीत. बाज तोच होता, शत्रू तेवढा बदलला होता. तिकडे सावकार होता, इकडे आळस. नाशिकला हॉस्टेलमध्ये राहून मी एम.ए. केलं, दोन वर्षं तिथेच नोकरी केली, दर महिन्याला पगारातला तुकडा म्युच्युअल फंडात टाकला आणि गावी आले ती लोकांना सुधारायचं ठरवूनच; घरातही आता पुस्तकी मराठीच बोलायला लागले.

घरात फुई होती. फुई म्हणजे आबांची धाकटी बहीण. धानोऱ्याला दिली होती. चौथ्या वर्षी नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला परत पाठवलं. आबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले होते. येताना तिच्या कमरेला एक पुरचुंडी होती. पाटल्या, पोत आणि चांदीच्या साखळ्या. आबांचं तेव्हा एक पत्रक गाजत होतं, 'दागिना ही बेडी आहे'. त्यांनी बहिणीलाही ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, तुझी बेडी माझ्याकडे ठेव. तिने ठेवली. पुढची बावीस वर्षं ती आमच्या घरी भाकऱ्या थापत, केळीच्या बागेत मजुरांबरोबर वाकत आणि माझ्या वेण्या घालत राहिली. शाळा चौथीपर्यंतची, पण घरात कागदच कागद, त्यामुळे बोट ठेवून ती सगळं वाचायची.

माझं पत्रक मी सारंगखेड्याच्या यात्रेत वाटलं. घोड्यांच्या बाजारात, जिथे लाखांची घोडी उभी असतात, तिथे यशाचे धडे वाटणं मला फार हुशारीचं वाटलं होतं. एका म्हाताऱ्याने पत्रक उलटंपालटं करून विचारलं, "ताई, यामा घोडाना दात कसा मोजाना ते लिखेल शे का?" मी म्हटलं, नाही. "मंग काय लिखेल शे?" त्याने त्यात शेव बांधून घेतली. उरलेली पत्रकं घेऊन मी विसरवाडीला गेले, महामार्गावर, ट्रकवाल्यांमध्ये. पहिला धडा होता, पहाटे पाचला उठा. एक ड्रायव्हर तो वाचून खूप गंभीरपणे म्हणाला, "ताई, आम्ही तर झोपतच नाही. मग आमचं यश कुठं अडकलं?" त्याचे जोडीदार खो खो हसले. मी घरी येऊन डायरीत लिहिलं : मानसिकता बदलायला वेळ लागेल. त्यांचीच, अर्थात.

सहावा धडा असा होता : 'आपली जोखीम दुसऱ्यावर टाकून निश्चिंत बसणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. आपली जोखीम आपण घ्या. मागायची लाज बाळगू नका. उद्या नाही, आजच.'

आमचे पूर्वज कधीकाळी गुजरातेतून आले. आमच्या घरांत जोखम म्हणजे अंगावरचं सोनं-चांदी, रोकड, सांभाळायला दिलेली चीजवस्त. बाई प्रवासाला निघाली की म्हातारी विचारते, "जोखम काय शे संगे?" हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण पुस्तकातली जोखीम आणि घरातली जोखम या माझ्या डोक्यात दोन निरनिराळ्या खोल्यांत राहत होत्या. फुईच्या डोक्यात एकच खोली होती.

एका संध्याकाळी आबा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. फुई पत्रकाची घडी हातात घेऊन समोर उभी राहिली.

"भाऊ, मन्ही जोखम दे."

"कसानी जोखम?"

"मन्ही. बावीस वरीसपाईन तुन्हाकडे शे ती."

"आज काय याद उनी?"

"पोरनी लिखेल शे." आणि तिने बोट ठेवून सहावा धडा वाचून दाखवला, 'आजच'वर थांबली.

मी हसले. खरं सांगायचं तर हसून लोटपोट झाले. "फुई, ती जोखीम वेगळी गं. शेअर बाजारातली. जोखीम म्हणजे धोका."

"मंग मन्ही काय येगळी शे?" ती म्हणाली. ती हसत नव्हती.

तिला ते का हवं होतं, हेही तिने तेव्हाच सांगितलं. विसरवाडीला टायरच्या दुकानाशेजारी एक बाई खानावळ चालवायची, फुईच्या धानोऱ्याच्या दिवसांपासूनच्या ओळखीची. ती मुलीकडे सुरतेला चालली होती आणि गाळा, भांडी, चूल, गिऱ्हाइकं सगळं देऊन टाकणार होती. संक्रांतीपर्यंत फुईसाठी थांबणार होती. फुईने हिशोब केला होता. सोनं मोडलं की गाळा तिचा. "भाकरी आठे थापू का तठे थापू, थापानीच शे," ती म्हणाली. "तठे मन्ही राही."

आबा म्हणाले, "काढस, काढस. बँकना लॉकरमा शे."

मी काय केलं? मी ही गोष्ट यशाची पुस्तकं वाचणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सअॅप गटात टाकली. 'आमच्या फुईने गुंतवणुकीचा धडा वाचला आणि भावाकडे पाटल्या मागितल्या!' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणीतरी लिहिलं, ग्रामीण भागात आर्थिक साक्षरतेची किती गरज आहे बघा. मी त्याला अंगठा दिला.

फुई रोज विचारायची. त्याच वेळी, त्याच जागी, पत्रक हातात. आबा रोज लॉकरची किल्ली, बँकेची सुट्टी, मॅनेजरची बदली यांतलं काहीतरी सांगायचे. आठवड्यानंतर मला त्यात अन्याय दिसला आणि अन्याय दिसला की मला बरं वाटतं. मी फुईची बाजू घेतली. भाषण तयार करून छापखान्यात गेले. मशीन चालू होतं, लग्नपत्रिका सुटत होत्या. मी ओरडूनच म्हणाले, "आबा, तुम्हीच छापलंय, बाईच्या मालावर बाईचा हक्क. मग तिचं तिला द्या!"

आबांनी मशीन बंद केलं. चष्मा पुसला. मग बोलले, पुस्तकी मराठीत.

"त्या दागिन्यांचं रूपांतर शिक्षणात झालेलं आहे."

"कोणाच्या?"

"तुझ्या."

"तिला विचारलं होतं?"

"तिने नाही म्हटलं नसतं."

"म्हणजे विचारलं नव्हतं."

"एका स्त्रीची बेडी मोडून दुसऱ्या स्त्रीला शिकवलं. यात चूक कुठे आहे ते तू सांग. तू शिकलेली आहेस."

मला उत्तर येत होतं. पण ते उत्तर ज्या डोक्यातून यायचं होतं, ते डोकं फुईच्या पाटल्यांवर पोसलं गेलं होतं. हॉस्टेलची खाट, मेसचं जेवण, मेसच्या पैशांतून वाचवून घेतलेलं यशाचं पहिलं पुस्तक. आबांनी मशीन पुन्हा सुरू केलं. मी बसने घरी आले. बसमध्ये मला आबांचा राग आला नाही, पकडले गेल्यासारखं वाटत होतं.

आता खरा धडा. माझ्या फंडात पैसे होते. गाळ्याला पुरतील एवढे होते, थोडे उरलेही असते. संक्रांतीला बारा दिवस बाकी होते. मोबाइलवर दोन बोटांचं काम.

माझ्याच पत्रकात नववा धडा होता : 'दीर्घ मुदतीची गुंतवणूक भावनेच्या भरात मोडू नका.' हे मी निदान वीस पुस्तकांत वाचलं होतं. मी कॅल्क्युलेटर उघडला. आज मोडले तर काय, वीस वर्षांनी मोडले तर काय. वीस वर्षांनंतरचा आकडा फार सुंदर होता. मी मनात ठरवलं की तेव्हा फुईला दुप्पट देईन. तेव्हा फुई बाहत्तर वर्षांची असणार, हे कॅल्क्युलेटरने दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आईला हे सगळं माहीत होतं, पाटल्या विकल्याचंही. मी तिच्याकडे विषय काढला तेव्हा ती भाजी निवडत होती. "तुन्हा पैसा तू ठेव," ती म्हणाली. "बावीस वरीस खाई, लुगडा लिधा, दवाखाना कया. तेन्हा हिशोब मांडा ना मंग. तीच आपलं देणं लागी."

आई वाईट बाई नाही. फुईला ताप आला की रात्रभर बसायची. पण त्या वाक्यात बावीस वर्षांच्या भाकऱ्या थापणारीच्या नावावर जमा न धरता खाणाऱ्यांच्या नावावर धरल्या होत्या. मी ते ओळखलं आणि तिच्यासोबत भाजी निवडू लागले. आईचा हिशोब माझ्या सोयीचा होता.

मग मी एक गोष्ट केली, जिचा मला तेव्हा अभिमान वाटला. फुईला खरं सांगितलं. खरं सांगायला पैसे लागत नाहीत. केळीच्या बागेत, पाण्याच्या पाइपाजवळ ती हातपाय धूत होती. मी म्हटलं, "फुई, सोनं नाही. आबांनी विकलं. माझ्या शिक्षणाला लागलं."

ती पाय चोळत राहिली. टाचांच्या भेगांतली माती काढली. मग वर पाहिलं.

"पाटल्या, पोत, बठ्ठं?"

"हो."

"साखळ्या बी?"

"हो."

तिने मला नखशिखांत पाहिलं, यात्रेत गिऱ्हाईक जनावराकडे पाहतं तसं. घाई न करता, खोड शोधत.

"सहा तोळं व्हतं," ती म्हणाली. "तू तोलमा कमी भरनी."

आणि मग, पाइप बंद करता करता : "तू सांगेल व्हतं ना, जोखम म्हंजे धोका. बराबर सांगेल व्हतं. मीच हसनू नही."

माझ्या फंडाबद्दल मी तिला सांगितलं नाही. एवढं खरं मला परवडणारं नव्हतं.

संक्रांत झाली. गाळा एका पुरुषाने घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुई दोन लुगडी पिशवीत घालून बसमध्ये बसली. आबा कामावर गेले होते, आई शेजारी. मी घरात होते, वाचत होते. दाराची कडी वाजली ती ऐकली आणि पान उलटलं. घरात पहिल्या दिवशी प्रश्न पडला, भाकरी कोण करणार. फुई कुठे गेली, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पडला. ती त्याच खानावळीत गेली होती, नव्या मालकाकडे, भाकऱ्या थापायला. पगारावर.

यशाच्या पुस्तकांतला माणूस एकटा जोखीम घेतो, पडतो, उठतो, पुन्हा घेतो, शेवटी जिंकतो. त्याच्या मागे कोणाच्या पाटल्या गेल्या ते कधी लिहिलेलं नसतं. मी ती पुस्तकं आता पुन्हा वाचते, तेव्हा समासात एकच प्रश्न लिहिते : कोणाची? 'मी सगळं पणाला लावलं.' कोणाचं? 'मी चार वर्षं फक्त शिकण्यात घालवली.' त्या चार वर्षांत भाकरी कोणी थापली? लिहिणारे खोटारडे असतील असं मला वाटत नाही. त्यांनाही त्यांच्या घरात कोणी विचारलं नसेल, एवढंच. आमच्याकडे विचारलं गेलं, तेही शब्द चुकून.

चैत्रात मी फंड मोडला. पश्चात्तापाने मोडला, असं म्हणायला आवडलं असतं. आबांच्या छापखान्यातले लोक हसून विचारू लागले होते, बहीण ढाब्यावर कशी काय, आणि आबांचं जेवण कमी झालं होतं. मला हे मिटवायचं होतं. पैसे पिशवीत घालून विसरवाडीला गेले. दुपारची वेळ, ट्रक रांगेने उभे, फुई चुलीसमोर. दोन तवे, दोन्ही हात चालू. मला बसायला सांगितलं, ताट वाढलं, वर ठेचा घातला. मालक गल्ल्यावरून पाहत होता, म्हणून ताटाचे पैसे आधी द्यायला लावले.

मी पिशवी पुढे केली. "फुई, हे तुझं."

तिने आत पाहिलं. "मन्हं सोनं व्हतं. हाई कागद शेत."

"तेवढेच होतात गं आजच्या भावाने. जास्तच."

"ठेव तुन्हापान," ती म्हणाली. "गाळा गया. आते पैसा लिसन मी काय करू? माले पत्रक जोयजे."

"कसलं पत्रक?"

"तुन्हा बापनी दारूवालानं काढं, हुंडावालानं काढं, सावकारनं काढं. नाव लिसन काढं, गावमा वाटं. मन्हं कोन काढी?" तव्यावरची भाकरी तिने उलटली. "तू लिख. तुले येस. कोनी लिधं, कोन्हं लिधं, कोन्हावर लागनं. बठ्ठा नाव लिख. मंग मी येस घर."

माझ्या तोंडून निघालं, "फुई, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. ज्यांच्यावर आबांनी पत्रकं काढली, त्या प्रत्येकाने आमच्या ओट्यावर येऊन ते म्हटलं होतं. आबा आत येऊन आम्हाला त्याची नक्कल करून दाखवायचे आणि आम्ही सगळे हसायचो. फुई सगळ्यात जास्त हसायची.

ती आता हसली नाही. "जेव," म्हणाली. "थंडं व्हई जाई."

मी लिहिलं. महिनाभर लागला, कारण मला नावाशिवाय लिहायचं होतं. 'एक भाऊ', 'एक विधवा बहीण', 'तिची शिकलेली भाची'. आबांना दाखवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि कागद परत दिला. "मजकूर बरा आहे," म्हणाले. "आमच्याकडे छापता येणार नाही."

मी हातानेच लिहिलेली प्रत घेऊन विसरवाडीला गेले. फुईने हात पुसले, पिठाचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली. तिला वेळ लागला. मध्ये गिऱ्हाइकं आली, मालक ओरडला, ती उठून चार भाकऱ्या टाकून परत आली आणि जिथे पीठ लागलं होतं तिथून पुढे वाचू लागली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग कागद उलटून पाहिला.

"यामा नाव कोठे शे?"

"नावं घातली नाहीत, फुई. पण सगळं खरं आहे. कळणाऱ्याला कळेल."

"मंग हाई कोन्ही गोष्ट शे?"

"तुझीच."

"लोके म्हनतीन, व्हती कोनी तरी," फुई म्हणाली आणि कागद माझ्यासमोर ठेवून तव्याकडे वळली.

तुम्ही वाचताय ते तेच लिखाण आहे, थोडं वाढवलेलं. नावं अजून घातलेली नाहीत. फुई अजून तिथेच आहे.